उतरवलेलं वजन परत आलं? पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

हा लेख पहिल्यांदाच डाएट सुरू करणाऱ्यांसाठी नाही. एकदा मेहनतीनं वजन उतरवलं, "बारीक झालीस गं" असं चार लग्नांत ऐकलं, ब्लाउज आत घेतले, पँट्स आल्टर केल्या आणि मग गणपती, दिवाळी, बदली, बाळंतपण, पाय मुरगळणं यांपैकी काहीतरी मध्ये आलं आणि वजन परत चढलं, अशा मंडळींसाठी आहे. मी या फेरीतून गेले आहे. सल्ले भरपूर मिळाले. त्यातले जे उपयोगी पडले तेवढेच इथे क्रमानं मांडते.

दुसऱ्यांदा सुरू करणाऱ्याचं घोडं माहितीपाशी अडत नाही. साखर कमी, भाजी जास्त, रोज चाल, हे तुम्हाला पाठ आहे. अडतं ते जुन्या प्लॅनपाशी. सगळ्यात जोशात असताना जो प्लॅन जमला होता, तोच आज थकलेल्या मनानं पहिल्याच दिवशी पूर्ण उचलायला आपण जातो. तो उचलत नाही, आणि आपण म्हणतो मोटिव्हेशन गेलं. मोटिव्हेशन परत आणायचं असेल तर त्याची वाट न पाहता असं काहीतरी सुरू करावं लागतं, जे त्याच्याशिवायही जमेल. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- वजनकाटा. घरात असेल तो चालेल, पण दरवेळी तोच आणि तो सपाट फरशीवर. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा वाटेल ते सांगतो.
- शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी.
- एक वही. मोबाइलमधलं अॅप नको असं नाही, पण ज्या अॅपमध्ये जुना चढता-उतरता आलेख दिसतो ते निदान पहिला महिना उघडू नका.
- मागच्या एक-दोन वर्षांतले रक्ताचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी.
- घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी निवांत दहा मिनिटं. ते माणूस तुम्हीच असाल तर किराणा आणणाऱ्याशी.

## पायरी १: खरं वजन किती वाढलंय ते शोधा

सण संपल्यावर दुसऱ्याच दिवशी काट्यावर उभे राहू नका. राहिलाच असाल तर तो आकडा वहीत लिहू नका.

दिवाळीच्या पाच दिवसांत काटा अडीच किलो वर गेला असं समजा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. अडीच किलो खरी चरबी साठवायची तर रोजच्या गरजेपेक्षा १९,००० कॅलरी जादा खायला हव्यात, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३,८०० जादा, तेही नेहमीच्या जेवणाच्या वर. चकल्या आणि करंज्या कितीही हाणल्या तरी हे बहुतेकांना जमणारं नाही. मग काटा काय दाखवतो? बरंचसं पाणी. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. चिवडा, शेव, लोणचं यांतलं मीठ आणखी पाणी थांबवतं. शिवाय पोटात असलेलं अन्न.

म्हणून सात ते दहा दिवस घरचं नेहमीचं जेवण जेवा. उपाशी राहू नका, 'डिटॉक्स' करू नका, नुसत्या काकड्या खाऊ नका. त्यानंतर सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. सलग तीन दिवस करून सरासरी काढा. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात बायकांचं वजन एक-दोन किलो सहज वर दिसतं, तो आठवडा टाळा.

वजनाबरोबर कमरेचा घेरही लिहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पट्टी न आवळता. आपल्याकडच्या लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर मानतात. बीएमआयच्या (उंचीच्या मानानं वजन किती, त्या आकड्याच्या) बाबतीतही भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. परदेशी तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे पाहून निश्चिंत होऊ नका.

बऱ्याच जणांना या पायरीवरच कळतं की सगळं परत आलं असं वाटत होतं, ते सगळं नव्हतंच.

## पायरी २: घसरण का झाली, हे शरीराच्या बाजूनं समजून घ्या

ही पायरी लोक सोडून देतात, कारण हिच्यात करायचं काही नसतं, फक्त वाचायचं असतं. सोडू नका. "माझ्यात चिकाटीच नाही" हे वाक्य डोक्यातून जात नाही तोवर पुढच्या पायऱ्या टिकत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वयंसेवक होते आणि युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकायचं होतं. महिने सरले तसे हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे झाले. आणि खाण्यावरचं बंधन उठल्यावर? पोट भरलं तरी भूक भागत नाही अशी त्यांच्यातल्या अनेकांची अवस्था होती. ही माणसं लठ्ठ नव्हती, आळशी नव्हती.

२०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जादा वजनाच्या ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं. त्यांचं वजन उतरलं. पण वर्षभरानंतर मोजलं तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं जुन्या पातळीवर आलेली नव्हती. शरीर वर्षभर "खा, खा" म्हणत होतं. टीव्हीवरच्या 'द बिगेस्ट लूजर' या स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ मध्ये तो अभ्यास छापून आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

यातून घ्यायचं ते इतकंच: वजन उतरलं की ही ओढ जाणवते, आणि ती चिकाटी कमी पडल्यामुळे नसते. "महिन्यात दहा किलो" वाल्या जाहिराती पहिला महिना दाखवतात, चौदावा दाखवत नाहीत. या वेळी आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला समजा. आणि वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे यांना फरक जाणवतो. ८० किलोच्या माणसासाठी ते चार ते आठ किलो होतात. कॉलेजातल्या फोटोपर्यंत पोहोचण्याची सक्ती कुणी केलेली नाही.

## पायरी ३: डॉक्टरांकडे एक चक्कर, प्लॅन ठरवण्याआधी

काही न बदलता वजन वाढलं असेल, किंवा थकवा, केस गळणं, पाळीची गडबड, रात्री जोरात घोरणं आणि दिवसा डुलक्या असं काही असेल तर आधी तपासणी. साधारणपणे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), हिमोग्लोबिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व इतकं पुरतं, बाकी डॉक्टर सांगतील ते. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसबद्दल (संप्रेरकांच्या गडबडीमुळे पाळी बिघडवणाऱ्या विकाराबद्दल) विचारा.

औषधांची यादी बरोबर न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्य आणि इतर मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. बऱ्याचदा पर्यायी औषध असतं, ते डॉक्टरांनीच बदलायचं.

एक सापळा: थायरॉइड. टीएसएच थोडं जास्त निघालं की सगळी वाढ त्याच्या नावावर टाकून लोक मोकळे होतात. थायरॉइड कमी असल्यानं वाढणारं वजन सहसा थोडकंच असतं आणि त्यातलंही बरंचसं पाणी. डॉक्टरांनी दिली तर गोळी घ्या, पण पंधरा किलो तिच्यावर सोपवू नका.

दुसरा सापळा नवा आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधांची इंजेक्शनं २०२५ पासून वजनासाठी आपल्याकडेही मिळू लागली, आणि भिशीत-व्हॉट्सअॅपवर त्यांची चर्चा जोरात आहे. औषधं खरी आहेत, काही जणांना त्यांची गरजही आहे. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. "तीन महिने घेऊन सोडून देऊ" हा हिशेब घालून कुणी सुरू करत असेल तर आधी हे वाचावं. आणि ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय तर मुळीच नको.

## पायरी ४: जुन्या प्लॅनची चौकशी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. वहीचं एक अख्खं पान द्या.

मागच्या वेळी तुम्ही काय काय करत होता त्याची यादी करा. सकाळची चाल, बिनसाखरेचा चहा, रात्री भात बंद, जिम, ग्रीन टी, सहानंतर न खाणं, जे असेल ते. आता प्रत्येकापुढे लिहा की ते कधी सुटलं. नक्की तारीख नको, "आईच्या ऑपरेशनच्या वेळी", "मुलांची परीक्षा", "बदली झाल्यावर" एवढं चालेल. क्रम लागला की एक प्रश्न विचारा:

सगळ्यात शेवटी काय सुटलं?

जी गोष्ट इतकी ओढाताण सोसून सर्वात शेवटपर्यंत टिकली, ती तुमच्या घराला, तुमच्या नोकरीला, तुमच्या स्वभावाला जुळणारी होती. सुरुवात तिच्यापासून करायची. मी यादी केली तेव्हा वाटलं होतं जिम निघेल, कारण तिचेच सगळ्यात जास्त पैसे भरले होते. निघाली रात्रीची शतपावली. तिला ना बूट लागत, ना वेळेचं बंधन, आणि शेजारच्या काकू बरोबर असायच्या.

आणि सगळ्यात आधी काय सुटलं तेही पाहा. ते बहुतेक वेळा पूर्णपणे दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं: पहाटे पाचचा क्लास, वेगळा स्वयंपाक, दर दोन तासांनी डबा उघडणं. लोकलमध्ये उभ्यानं दीड तास जाणाऱ्या माणसानं दर दोन तासांनी काय आणि कुठे खायचं? तो प्लॅन वाईट नव्हता, तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. आपल्याकडे मध्यंतरी घरोघरी दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता, दिवसातून दोनदाच जेवायचं की थोडं-थोडं जेवायचं. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन्ही सोडून दिलेलीही. तुमच्या कामाच्या वेळा आणि घरातल्या जेवणाच्या वेळा ज्याच्याशी जमतात ते तुमचं. वादात पडण्यात कॅलरी फारशा जळत नाहीत.

## पायरी ५: एकच गोष्ट, तीही हसू येईल इतकी लहान

शेवटी सुटलेली गोष्ट घ्या आणि निम्मी करा. ४५ मिनिटांची चाल असेल तर २०. वीसही जड वाटत असतील तर दहा. मग ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा: "रात्रीची भांडी आवरली की चपला घालून खाली", "दुपारचा डबा संपला की ऑफिसच्या जिन्यानं दोन मजले". 'जमेल तेव्हा चालेन' असा ठराव करणाऱ्यापेक्षा 'हे झालं की ते' असं ठरवणाऱ्याचं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे तुम्ही ऐकलं असेल. विसरा. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. म्हणजे बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही बिघाड नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

सापळा इथला म्हणजे "सोमवारपासून". नवा आठवडा, पाडवा, वाढदिवस अशा दिवशी माणसाला नव्यानं सुरू करण्याचा हुरूप येतो हे खरं आहे, त्यावर संशोधनही झालं आहे. पण आज बुधवार असेल तर सोमवारपर्यंतचे चार दिवस 'शेवटचं खाऊन घेऊ' म्हणून जातात, आणि गुढीपाडवा तर वर्षातून एकदाच येतो. दहा मिनिटं चालायला मुहूर्त लागत नाही.

दोन आठवडे ही एकच गोष्ट. दुसरी जोडायचा मोह होईल, विशेषतः चौथ्या-पाचव्या दिवशी, जेव्हा अंगात एकदम वीज आल्यासारखं वाटतं. थांबा. तिसऱ्या आठवड्यात पुढची पायरी. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटं चाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम इथवर पोहोचायचं आहे. उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं यानं सुरुवात होते. ताकदीचा व्यायाम वगळू नका, वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात.

## पायरी ६: ताटात तीन बदल, वेगळा स्वयंपाक न करता

वेगळा स्वयंपाक हे घरातल्या बाईचं काम दुप्पट करणारं प्रकरण आहे, आणि ती बाई तुम्हीच असाल तर आधी तेच सुटतं. म्हणून सगळ्यांच्याच ताटात बदल होईल असं काही.

तेल. महिन्याला किती तेल येतं ते पाहा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे ३४० कॅलरी. तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं आणि बाहेरचं तळण यात धरलेलंच नाही. महिन्याला चार लिटरच आणायचं ठरवा. फोडणी डोळ्यांच्या अंदाजानं न घालता चमच्यानं घाला. चवीला फरक पडत नाही. पडला तर पहिल्या आठवड्यात घरचे सांगतील, दुसऱ्यात विसरतील.

चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बंद करू नका. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या. गूळ घातला तर चालतो ना, असं हमखास विचारतात. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत.

प्रथिनं. इथे आपलं शाकाहारी ताट मार खातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. पोहे, चार पोळ्या, थोडा भात, बटाट्याची भाजी, पातळ आमटी आणि चहातलं दूध यांची बेरीज पस्तीस-चाळीसच्या पुढे जाणं कठीण. आमटीच्या वाटीत डाळ किती असते ते एकदा गाळून पाहा! जेवणात वाटीभर घट्ट उसळ, एक वाटी दही, सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर, मासे खाणाऱ्यांनी मासे. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, म्हणून चार वाजताची बिस्किटं आपोआप कमी होतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

भाकरी की पोळी, हा प्रश्न मी मुद्दाम घेतला नाही. ज्वारीची भाकरी उत्तम, पण चारच्या जागी सहा झाल्या तर तिचाही इलाज नाही.

## पायरी ७: सणवार आणि उपास कॅलेंडरवर आधीच मांडा

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पुढच्या सहा महिन्यांतले खाण्याचे दिवस पेननं गोल करा. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नं, बारशी, हुरडा, संक्रांत, आंब्याचे दोन महिने. 'अचानक' काहीच येत नाही हे दिसेल.

प्रत्येक गोलाला एकच ठराव: त्या दिवशी मी काय आनंदानं खाणार? गणपतीत उकडीचे मोदक, मग पेढे नाहीत. लग्नात जिलबी, मग आइस्क्रीम नाही. फराळात घरची चकली, मग बाहेरून आलेल्या डब्यातली सोनपापडी नाही. (सोनपापडी तशीही पुढच्या घरी जायचीच असते.)

उपासांचं वेगळं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच आली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाही. त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा. श्रद्धेनं उपास करत असाल तर करा, पण वजन उतरवण्याचा उपाय म्हणून करू नका. खिचडी एकदाच, छोटी वाटी. बाकी भगर, राजगिरा, दही, ताक, फळं.

आता खरा सापळा. दोन लाडू जास्त झाले की मन म्हणतं, "आज मोडलंच आहे, तर आता उद्यापासून बघू." ते दोन लाडू तीनशे-चारशे कॅलरींचे असतात, त्यानंतर "मोडलंच आहे" म्हणून जे खाल्लं जातं ते त्याच्या तिप्पट असतं. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून हेच दाखवलं. कडक डाएटवर असलेल्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला, तर पुढे आइस्क्रीम समोर आल्यावर त्यांचा हात आखडता राहिला नाही. डाएट न करणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर कमी खाल्लं. म्हणून नियम एकच ठेवा: चुकलं तर पुढचं जेवण नेहमीचं. पुढचा दिवस नव्हे, पुढचा सोमवार नव्हे, आणि भरपाई म्हणून उपासही नव्हे.

## पायरी ८: लोकांना काय सांगायचं

वजन परत आल्यावर सगळ्यात जड जातं ते चारचौघांत जाणं. मावशी हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत म्हणणार, "काय गं, परत सुटलीस की! डाएट सोडलंस वाटतं?" ऑफिसमधला मित्र पोटावर थाप मारणार. उत्तर आधीच तयार ठेवा, कारण ऐनवेळी सुचत नाही. "हो मावशी, परत लागलेय कामाला" एवढं पुरे. कारणं सांगू नका. सांगितलीत की सल्ले सुरू. जिरं-ओवा, कोमट पाणी, कुणाच्या तरी नणंदेचा ज्यूस.

आग्रहाचंही तसंच. "एका लाडवानं काय होतंय?" याला "नको" म्हटलं की आग्रह वाढतो. "डब्यात द्या, घरी नेते" म्हटलं की संपतो. नेलेला डबा कुणाला द्यायचा ते तुमच्या हातात.

नव्यानं सुरू केल्याची घोषणा स्टेटसवर टाकू नका. घरात एका माणसाला सांगा, जो रोज "गेलास का चालायला?" विचारेल आणि नाही गेलात तर व्याख्यान देणार नाही. असं माणूस नवरा-बायकोच असेल असं नाही. कधी कधी ते मुद्दाम नसलेलंच बरं.

## पायरी ९: काटा किती वेळा, आणि दोन किलोची रेषा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. रोज पाहून ज्यांचं डोकं फिरत नाही त्यांनी रोज पाहावं, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशी करावी. महिन्यातून एकदा कमरेचा घेर. वजन तीन आठवडे हललं नाही आणि घेर एक सेंटिमीटर कमी झाला, असं होतं. वहीत दोन्ही असेल तर दिसतं. काटा पाहिल्यावर दिवसभर रडू येत असेल, किंवा चोरून खाणं, खाऊन ओकारी काढणं असं काही चालू असेल तर काटा बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याच्यावर उपचार होतात, आणि ते वजनाच्या आधी करायचे असतात.

वजन हवं तिथे आलं की काम थांबतं असं समजून बहुतेक जण इथेच वही बंद करतात. वही चालू ठेवा आणि तिच्यात एक आकडा लिहा: आजचं स्थिर वजन अधिक दोन किलो. दोन, कारण त्याच्या आतली हालचाल पाण्याची असू शकते. सलग दोन आठवडे काटा या आकड्याच्या वर राहिला तर काय करायचं, हेही आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर तीन ओळी आहेत: रात्रीची शतपावली परत वीस मिनिटांवर, चहाची साखर परत मोजून, तेलाचा डबा कधी फोडला त्याची तारीख डब्यावर. ती ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही. तुमच्या तीन ओळी चौथ्या पायरीतल्या यादीतून निघतील.

चिठ्ठीवरचं चार आठवडे करा. त्यानंतरही काटा रेषेच्या वरच असेल तर तिसऱ्या पायरीवरच्या तपासण्या पुन्हा करून घ्या, आणि मधल्या काळात कोणतं औषध नवीन सुरू झालं का ते यादीत पाहा.